'दानदादान': भुतांची नवी कार्टून मालिका बघून काय वाटलं, आणि मुलांशी काय बोलले



आजचा लेख नेहमीपेक्षा वेगळा आहे. यात पाठ नाही, कविता नाही आणि उपक्रमसुद्धा शेवटी थोडासाच आहे. एका जपानी कार्टून मालिकेबद्दल लिहितेय. मुलं तिला 'डॅनडॅडॅन' म्हणतात, जपानी उच्चार 'दानदादान'च्या जवळचा आहे. मी स्वतःहून कधी ती लावली नसती. वर्गात एक प्रकार घडला म्हणून बघावी लागली.

झालं असं की दिवाळीच्या सुट्टीनंतर चौथीच्या मुली बाथरूमला चौघी-चौघी मिळून जायला लागल्या. एक आत आणि तिघी दाराशी. एक मुलगी तर दिवसभर पाणीच पीत नव्हती, म्हणजे जायलाच नको. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, टर्बो आजी येते." मी काय केलं? आपण सगळे जे करतो तेच. "भूत-बीत काही नसतं, चला, पाढे म्हणा." दोन दिवसांनी तिच्या आईचा फोन आला. मुलगी घरीसुद्धा रात्री एकटी मोरीकडे जात नव्हती. दहावीतला दादा मोबाईलवर काहीतरी बघतो आणि ही त्याच्या पाठीमागून बघते. "मॅडम, तुम्ही सांगा ना वर्गात, भूत नसतं म्हणून. तुमचं ऐकते ती." मी सांगितलं होतं, आणि तिने ऐकलं नव्हतं. म्हणून म्हटलं, आधी ही टर्बो आजी कोण ते तरी बघू.

शनिवार-रविवार बसून पहिला सीझन पाहिला. बारा भाग आहेत. मालिका ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली आणि दुसरा सीझन जुलै 2025 मध्ये आला. मूळ कॉमिक युकिनोबू तात्सू यांचं, 2021 पासून चालू असलेलं. मालिका 'सायन्स सारू' या स्टुडिओने केलीय, दिग्दर्शक फूगा यामाशिरो.

गोष्टीची सुरुवात मला फार आवडली. मोमो ही कॉलेजच्या वयाची मुलगी. तिची आजी देवऋषीसारखं काम करते, त्यामुळे मोमोचा भुतांवर विश्वास आहे, पण परग्रहावरच्या लोकांवर अजिबात नाही. तिच्या शाळेत एक चश्मेवाला, एकटा राहणारा मुलगा आहे. बाकीची मुलं त्याला त्रास देतात. त्याचा उडत्या तबकड्यांवर ठाम विश्वास, पण भुतं म्हणजे थापा. दोघांचं कडाक्याचं भांडण होतं आणि पैज लागते. तिने तबकड्या दिसतात म्हणतात त्या पडक्या दवाखान्यात जायचं, त्याने भुताच्या बोगद्यात जायचं. फोन चालू ठेवायचा. तिला परग्रहवासी भेटतात, त्याला भूत. दोघंही बरोबर आणि दोघंही चूक! वाद घालत बसण्यापेक्षा 'चल, जाऊन बघू' म्हणणारी पोरं मला शिक्षक म्हणून आवडणारच.

(जाता जाता एक गंमत. मुलाचं खरं नाव केन ताकाकुरा. हे जपानच्या एका फार मोठ्या नटाचं नाव आहे आणि मोमो त्या नटाची चाहती. त्यामुळे या किरकोळ पोराला त्या नावाने हाक मारणं तिला जमतच नाही. ती त्याचं नाव 'ओकारून' ठेवते. आपल्याकडे वर्गात एखादा 'अमिताभ' असावा, तसं.)

आता टर्बो आजी. बोगद्यात ओकारूनला भेटते ती हीच. पांढऱ्या केसांची, वाकडीतिकडी म्हातारी, धावली की गाडीला मागे टाकणारी. लेखकाने ही पूर्ण मनाने रचलेली नाही. हायवेवर, बोगद्यात गाडीच्या बरोबरीने पळणाऱ्या म्हातारीची गोष्ट जपानमध्ये आधीपासून लोक एकमेकांना सांगतात. आपल्याकडे घाटात लिफ्ट मागणारी पांढऱ्या साडीतली बाई सगळ्यांच्या कुणीतरी 'मित्राच्या मामाला' दिसलेली असते ना, त्याच जातीची.

हे शोधताना एक गोष्ट वाचली आणि मी थोडी चपापले. जपानी शाळांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या एक भूत आहे, हानाको नावाच्या मुलीचं. ते राहतं कुठे? तिसऱ्या मजल्यावरच्या मुलींच्या बाथरूममध्ये, तिसऱ्या दाराआड. तीन वेळा टकटक करून हाक मारली की आतून 'ओ' येते म्हणे. म्हणजे भुतासाठी मुलांनी निवडलेली जागा तिथेही बाथरूमच. 1979 मध्ये तर जपानभर एका तोंड फाटलेल्या बाईची अफवा पसरली. तोंडावर मास्क लावून ती रस्त्यात मुलांना गाठते आणि 'मी सुंदर आहे का?' विचारते, अशी. मुलं इतकी घाबरली की काही ठिकाणी त्यांना गटागटाने घरी पाठवावं लागलं. तोरू त्सुनेमित्सु नावाचे एक शिक्षक होते. ते माध्यमिक शाळेत शिकवायचे. मुलं एकमेकांना सांगतात त्या शाळेतल्या भुतांच्या गोष्टी त्यांनी मुलांकडूनच गोळा केल्या आणि 1990 मध्ये त्यांचं पुस्तक काढलं. ते खूप खपलं, पुढे त्यावर सिनेमेही आले. मी मुलांना 'पाढे म्हणा' म्हणाले होते, आणि हे गृहस्थ वही घेऊन 'मग पुढे काय झालं?' विचारत बसले होते.

मालिकेकडे परत येते. टर्बो आजीशी मारामारी, पळापळ, आरडाओरडा बराच आहे. मला त्यातलं निम्मं कळलंही नाही, इतक्या वेगात चित्रं पळतात. पण पुढे मोमोची आजी सांगते की ही म्हातारी त्या बोगद्यात का होती. तिथे काही मुलींचे फार वाईट मृत्यू झालेले असतात. जिथे मुली अशा मरतात तिथे जाऊन त्यांच्या आत्म्यांना धीर देणं हे या टर्बो आजीचं काम. ती पहिल्यांदा त्या मुलींसाठी तिथे आलेली असते. हे ऐकलं आणि मागचे तीन भाग डोक्यात उलटे झाले.

सातवा भाग मला शब्दांत सांगता येईल असं वाटत नाही, तरी सांगते. लांब केसांची, लाल कपड्यातली, उड्या मारत येणारी एक भुताटकी एका मुलीच्या मागे लागलेली असते. 'माझी लेक, माझी लेक' करत. मग तिचं आधीचं आयुष्य दाखवतात, बराच वेळ एकही शब्द न बोलता. एकटी आई. पडेल ते काम करून मुलीला वाढवते. मुलीला नाचायची हौस, म्हणून पैसे साठवून तिच्यासाठी लाल ड्रेस आणते. कर्ज फिटलेलं नसतं. वसुलीवाले घरात घुसतात, आईला मारतात आणि मुलीला उचलून नेतात. ती अनवाणी गाडीमागे धावते. मुलीचं पुढे काय झालं ते मालिका सांगत नाही, आणि आईही त्यानंतर जगत नाही. मी रात्री अकरा वाजता एकटीच डोळे पुसत होते. भुताची गोष्ट बघताना भीती वाटायची ती कधी गेली, कळलंच नाही.

आपल्या गोष्टींमध्येही हेच आहे, फक्त आपण ते विसरलोय. मुंजा कोण? मुंज झाली, पण सोडमुंज व्हायच्या आधी गेलेला मुलगा. त्याचं आयुष्यच अर्धवट राहिलं म्हणून तो पिंपळावर. (2024 मध्येच 'मुंज्या' सिनेमा आला, त्यामुळे माझ्या वर्गातल्या पोरांना मुंजा आता माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.) अळवंत म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. समंध म्हणजे ज्याची इच्छा मागे राहिली तो. आजीने या गोष्टी सांगताना भुताचं नाव सांगितलं की लगेच ते भूत का झालं तेही सांगितलेलं असायचं. गावात कोणत्या बाईवर, कोणत्या पोरावर काय वेळ आली होती ते या गोष्टींमध्ये शिल्लक राहायचं. आपण मुलांना नाव तेवढं सांगतो, 'झोप, नाहीतर हडळ येईल', आणि कारण गाळून टाकतो. उरते फक्त भीती.

आमच्या स्टाफरूममध्ये यावर वाद झाला. एक सर म्हणाले, "तुम्ही अंधश्रद्धा वाढवताय. आपल्याकडे 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आपण मुलांना वैज्ञानिक दृष्टिकोन शिकवायचा आणि तुम्ही भुतांचं कौतुक करताय." त्यांचा मुद्दा खोटा नाही. मालिकेत भुतं खरीच असतात आणि मंत्र चालतात. पण त्याच मालिकेच्या दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला एका गावाची गोष्ट आहे. डोंगरातला राक्षसी सर्प शांत राहावा म्हणून तिथे पिढ्यान्‌पिढ्या मुलांचा बळी देतात, आणि मोठ्या माणसांना त्यात काही वावगं वाटत नाही. पुढे भूत होतं ते अशाच एका मुलाचं. नरबळी किती भयंकर, हे मला कायद्याच्या नावातून समजावता आलं नसतं इतकं त्या एका भागातून कळतं. सरांना सांगितलं, मी वर्गात 'भूत असतं' म्हणणार नाही. मुलांनी विचारलं तर 'नसतं' असंच सांगेन. फक्त त्या उत्तरावर गप्पा बंद करणार नाही.

पालकांनी हे मात्र नक्की वाचावं

मी एवढं कौतुक केलं म्हणून मुलांना लावून देऊ नका. प्राथमिकच्या मुलांसाठी ही मालिका अजिबात नाही, आणि सातवी-आठवीच्याही नाही असं माझं मत आहे. पहिल्याच भागात परग्रहवासी मोमोला पकडून तिचे कपडे काढतात आणि जबरदस्तीचा प्रयत्न होतो. ते बघताना मला स्वतःला अंगावर काटा आला, आणि ते तसं दाखवायची काही गरज होती असं वाटत नाही. पहिल्या सीझनच्या शेवटी गरम पाण्याच्या कुंडातही तसाच प्रसंग आहे. ओकारूनला लागलेला शाप त्याच्या गुप्तांगाबद्दल आहे आणि त्यावरचे विनोद भागामागून भाग चालूच राहतात. भाषा शिवराळ. चांगली गोष्ट सांगताना हे कशाला, असा राग मला अजूनही आहे.

2021 च्या नियमांनुसार ओटीटीवरच्या प्रत्येक कार्यक्रमाला वयाचा शिक्का असतो: 'यू', 'यू/ए 7+', 'यू/ए 13+', 'यू/ए 16+' आणि 'ए'. 13+ आणि त्यावरच्या कार्यक्रमांसाठी कंपनीने पालकांना कुलूप लावायची सोय द्यावी लागते. ती सेटिंगमध्ये शोधा, पाच मिनिटांचं काम आहे. पण खरी गळती तिथे नसते. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने अख्खा भाग पाहिलेला नव्हता. सगळ्यांनी रील्स पाहिल्या होत्या. म्हणजे म्हातारी धावत अंगावर येते तेवढे पंधरा सेकंद. ती का धावते, हे कुणालाच माहीत नव्हतं. जी मुलगी सगळ्यात जास्त घाबरली होती तिलाही नाही. घरात मोठं भावंड असेल तर त्यालाच विश्वासात घ्या. आमच्या त्या दहावीतल्या दादाला आईने ओरडण्याऐवजी 'लहान बहीण मागे असते, हेडफोन लाव आणि दार लोटून बस' एवढंच सांगितलं. तो लगेच कबूल झाला, त्यालाही माहीत नव्हतं.

वर्गात काय केलं

फार काही नाही. एका तासाला मुलांना म्हटलं, आज भुतांवर बोलू. वर्ग एकदम शांत झाला, इतका शांत तो तपासणीच्या दिवशीसुद्धा नसतो. प्रत्येकाने आपल्याला माहीत असलेलं एक भूत सांगायचं आणि 'ते भूत का झालं असेल' ते दोन ओळींत लिहायचं. वाईट, नको ते प्रसंग गाळून टर्बो आजीची गोष्ट मी सांगितली. ती मुलींना धीर द्यायला आली होती, एवढीच. मुलांनी लिहिलेलं वाचून मी हसले आणि गप्पही झाले. एकाने लिहिलं, विहिरीतल्या भुताला पोहता येत नव्हतं आणि त्याला कुणी शिकवलं नाही. एकीने लिहिलं, बाभळीवरच्या बाईला माहेरी जायचं होतं. एक पठ्ठ्या म्हणाला, त्याचं भूत गणिताच्या पेपरच्या दिवशी मेलं.

पाणी न पिणाऱ्या मुलीला तास संपल्यावर जवळ बोलावलं. मनात म्हटलं, हिची भीती तरी आपण कुठे नीट विचारली. "तुला आत नक्की कधी भीती वाटते गं?" ती म्हणाली, "कडी लावल्यावर." का? "कडी अडकते मॅडम. एकदा मी खूप वेळ आत होते. हाक मारली तर कुणी आलंच नाही. आणि आत दिवा नाही." हे झालं होतं दिवाळीच्या आधी. टर्बो आजी नंतर आली.

मी जाऊन कडी लावून बघितली. खरंच अडकते. वर जोर देऊन ढकलावी लागते, चौथीतल्या मुलीचा हात तिथे पुरत नाही. मुख्याध्यापकांना सांगून नवी कडी खाली बसवून घेतली आणि दिव्याचं कामही झालं. मुली अजून दोघी-दोघी जातात. पण तिची बाटली आता जेवणाच्या सुट्टीपर्यंत रिकामी झालेली असते.