सूर्य मावळल्यानंतरची वीज

५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे मालवून पणत्या लावल्या गेल्या, हे वाचकांच्या स्मरणात असेल. त्या वेळी देशाची विजेची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने घसरली. अंदाज त्याच्या निम्म्याहूनही कमी घसरणीचा होता. जलविद्युत केंद्रांनी आपली निर्मिती काही मिनिटांत १७ हजार मेगावॅटहून अधिक उतरवली आणि दिवे पुन्हा लागताच ती तितक्याच तत्परतेने चढवली, म्हणून राष्ट्रीय वीजजाळे सावरले. त्या रात्रीची तयारी आधीपासून करता आली होती. सौरऊर्जेचा वाटा वाढत चालला तशी त्याच जातीची कसरत आता रोज सायंकाळी करावी लागते.

जाळ्यात ज्या क्षणी जेवढी वीज वापरली जाते, त्याच क्षणी तेवढीच निर्माण व्हावी लागते. या समतोलाची नाडी म्हणजे वारंवारता. आपल्याकडे ती ५० हर्ट्झ असून ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात राखायची असते. मागणी वाढली की ती खाली येते, निर्मिती वाढली की वर जाते. औष्णिक आणि जलविद्युत केंद्रांतील अवजड जनित्रे येथे नकळत उपकार करतात. फिरत्या जात्याचा खुंटा सोडला तरी जाते लगेच थांबत नाही; तसे एखादे केंद्र अकस्मात बंद पडले तरी उरलेली जनित्रे आपल्या फिरण्याच्या जोरावर काही सेकंद जाळे तोलून धरतात. सौर पटलांत फिरणारे काहीच नाही. त्यांची वीज इन्व्हर्टरमधून येते, आणि साधा इन्व्हर्टर जाळ्याच्या मागोमाग चालतो, जाळ्याला आधार देत नाही.

२८ एप्रिल २०२५ रोजी भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, तेव्हा अनेकांनी सौरऊर्जेकडे बोट दाखवले. ते अर्धसत्य होते. तपासात मुख्य कारण निघाले ते विद्युतदाब अनावर चढत गेल्याचे. दाब वाढला म्हणून केंद्रे सुटली आणि केंद्रे सुटली म्हणून दाब आणखी वाढला. दाब आवरण्याचे काम तेथील बहुतेक सौर व पवन प्रकल्पांकडे सोपवलेलेच नव्हते, आणि पारंपरिक केंद्रांनीही ते अपेक्षेइतके केले नाही. स्वतः वारंवारता व दाब राखू शकणारे इन्व्हर्टर आज उपलब्ध आहेत. प्रश्न ते बंधनकारक करण्याचा आणि त्यांचा खर्च कोणी सोसायचा याचा आहे.

आता सायंकाळकडे वळू. दुपारी सौर वीज मुबलक असते, कधी कधी वाहून नेण्यास तारा अपुऱ्या पडतात म्हणून प्रकल्पांना निर्मिती रोखण्यास सांगावे लागते. सहानंतर ती शून्याकडे जाते आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे, वातानुकूलन यंत्रे सुरू होतात. बॅटऱ्या ही दोन-चार तासांची उणीव भरून काढू शकतात. मोठ्या प्रमाणावर साठवणीचा जुना मार्ग पाण्याचा. महाराष्ट्रातील घाटघर येथील २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प खालच्या जलाशयातील पाणी वर चढवतो आणि गरजेच्या वेळी सोडतो. पूर्वी अशा प्रकल्पांत रात्रीची शिल्लक वीज वापरून पाणी चढवावे, असा हिशेब असे. आता त्यासाठी दुपार सोयीची ठरते.

गोव्याची अडचण याहून निराळी आहे. स्वतःचे मोठे वीजनिर्मिती केंद्र नसल्याने आपली बहुतेक वीज कोल्हापूरकडून आणि कर्नाटकातील अंबेवाडीकडून येणाऱ्या वाहिन्यांवर अवलंबून असते. दूरची स्वच्छ वीज घ्यायची तरी तारा लागणारच, आणि त्या सह्याद्री ओलांडूनच येणार. तमनार प्रकल्पाच्या ४०० केव्ही वाहिनीसाठी मोले परिसरातील जंगल तोडण्यास झालेला विरोध सर्वश्रुत आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने २०२१ मध्ये नवे जंगल न कापता जुन्या वाहिनीच्याच पट्ट्याचा वापर करण्याची शिफारस केली. विरोधकांना विकासविरोधी ठरवणाऱ्यांनी ही शिफारस एकदा वाचायला हरकत नाही. वाहिनी हवी की जंगल, असा तो वाद नव्हताच.

छतावर सौर पटले बसवून वीजबिल शून्यावर आणणाऱ्या ग्राहकाचे कौतुकच आहे. परंतु त्याचीही रात्र जाळ्यावरच निघते, आणि ढगाळ आषाढात दिवसही. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी सौर तासांतील दर किमान २० टक्के कमी आणि मागणीच्या शिखरकाळात घरगुती ग्राहकांसाठीही किमान १० टक्के अधिक ठेवण्याची दिशा दिली आहे. त्यासाठी स्मार्ट मीटर हवा. तो बसला की पाण्याचा पंप, धुलाई यंत्र किंवा विजेची दुचाकी दुपारी लावणाऱ्याला त्याचा लाभ बिलातच दिसेल. दिवसभर घराबाहेर असणाऱ्या नोकरदार कुटुंबाने मात्र काय करावे, याचे उत्तर या नियमांत सापडत नाही.