डर्ट बाईकची अवजारे : पेटी मोठी नको, पोलाद चांगले हवे

आजऱ्याहून आंबोलीच्या दिशेने निघाले की डांबरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जांभ्याच्या तांबड्या वाटा फुटतात. काजूच्या बागा, घनसाळ भाताची खाचरे, डोंगरातल्या वाड्या आणि पुढे जंगल. या वाटांवर पूर्वी पायी जावे लागे, फार तर जीप चाले. आता तरुण मुले उंच चाकांच्या, लांब शॉकॲबसॉर्बरच्या मोटारसायकली घेऊन बिनधास्त जातात. निव्वळ शर्यतीसाठी बनवलेली डर्ट बाईक आपल्याकडे रस्त्यावर चालवता येत नाही. पण रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या आता खेड्यापाड्यांत आल्या आहेत. हिरोने २०११ साली इम्पल्स आणली होती, ती पुढे बंद झाली. २०१६ साली रॉयल एनफिल्डची हिमालयन आली आणि २०१९ साली हिरोची एक्सपल्स २०० आली. तेव्हापासून ही हौस सामान्य घरांतही पोहोचली.

आम्ही कापडाचे व्यापारी. पाने-पकडींबद्दल आम्ही काय लिहिणार, असे वाचक बांधव म्हणतील. आम्हालाही तसेच वाटत होते. पण एका पावसाळ्याने आम्हाला जो धडा दिला, तो या पानाच्या वाचकांत गॅरेजवाले, फिटर आणि हार्डवेअरचे दुकानदार बरेच असल्यामुळे सांगावासा वाटतो.

आमच्या मुलाने अशी एक गाडी घेतली. वाड्यांवरची उधारी वसूल करायलाही तिचा उपयोग होऊ लागला. गाडीची किरकोळ कामे घरीच करावीत म्हणून आम्ही बाजारातून एक मोठी पेटी आणली. चकचकीत मुलामा, प्लास्टिकच्या खाचांत बसवलेली चाळीसेक अवजारे आणि किंमत अगदी कमी. सौदा चांगला झाला म्हणून आम्ही खूष होतो. पहिल्याच वेळी इंजिनाचे ऑइल बदलताना खालचा बोल्ट सुटेना. जोर लावला तर गोटी पसरली आणि बोल्टचे कंगोरे गेले. मग पक्कड लावली, तो आणखी गोल झाला. शेवटी छन्नी आणि हातोडी. बोल्ट निघाला, पण ॲल्युमिनियमच्या केसिंगचे आटे सोबत घेऊनच.

गाडी टेम्पोत घालून गडहिंग्लजला नेली. तिथून कोल्हापूरच्या उद्यमनगरात पाठवावी लागली. तिथल्या एका कारागिराने भोक मोठे करून त्यात पोलादी आट्यांची गुंडाळी बसवून दिली. ऐन लग्नसराईत चार दिवस गाडी बंद, वसुली बंद. टेम्पोचे भाडे आणि मजुरी मिळून जो खर्च झाला, त्यात डझनभर उत्तम पाने आले असते. तो कारागीर एवढेच म्हणाला, "चाचा, बोल्ट खराब नव्हता, पाना खराब होता."

कापडाच्या धंद्यात तीस वर्षे गेली तरी आम्ही ठाण उलगडून पाहिल्याशिवाय, पोत बोटांनी चाचपल्याशिवाय माल उचलत नाही. पाने घेताना मात्र आम्ही नुसती पेटी पाहिली. चूक आमचीच होती.

मापाची गोष्ट

पहिली पारख मापाची. सर्व गाड्यांना सर्व पाने लागत नाहीत. आजच्या बहुतेक मोटारसायकलींचे नटबोल्ट मिलिमीटरच्या मापाचे असतात. ६ मि.मी. जाडीच्या बोल्टला बहुधा १० चा पाना लागतो. ८ मि.मी. च्या बोल्टला जपानी पद्धतीच्या गाड्यांवर १२ चा, तर युरोपी पद्धतीच्या गाड्यांवर १३ चा लागतो. म्हणून १२ आणि १३ दोन्ही जवळ हवेत. १२ च्या जागी १३ लावून "बसतोय की" म्हणणारा माणूस नट गोल केल्याशिवाय राहत नाही. जुनी बुलेट ज्यांच्याकडे आहे त्यांची गोष्ट आणखी वेगळी. तिच्यावर काही ठिकाणी इंची मापाचे, तर काही ठिकाणी इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली ठरवलेल्या मापाचे नट भेटतात. तिथे मिलिमीटरचा पाना नीट बसत नाही.

आमच्या अनुभवाने घरची यादी अशी ठरली : एका तोंडाला रिंग व दुसऱ्या तोंडाला उघडा जबडा असलेले ८, १०, १२, १३, १४, १७ आणि १९ चे पाने, टी पाने ८, १० आणि १२ चे, ४, ५, ६ आणि ८ च्या ॲलन की, स्पार्क प्लगचा पाना, तारा कसण्याचा छोटा पाना, टायर काढायच्या दोन-तीन पट्ट्या आणि हवा मोजण्याचा गेज. चाकाच्या ॲक्सलचा नट मोठा असतो, त्याचे माप आपल्या गाडीवर बघूनच पाना घ्यावा. बाकी गरज पडेल तसे.

पोलादाची आणि तोंडाची पारख

दुसरी पारख धातूची. चांगला पाना तापलेले पोलाद साच्यात ठोकून घडवतात आणि मग पाणी देऊन कठीण करतात. बहुतेक चांगल्या पान्यांवर क्रोम व्हॅनेडियम असे कोरलेले असते. पण अक्षरे कोणीही कोरू शकतो. म्हणून खिशात एक नवा बोल्ट घेऊन दुकानात जावे. पाना त्यावर चढवून हलवून पाहावा. खडखड हलला तर परत द्यावा. तोंडाच्या आतल्या कडा सरळ व स्वच्छ हव्यात, मुलाम्याचे पापुद्रे नकोत. गोटी घ्यायची तर आतून सहा कोनांची घ्यावी. बारा कोनांची गोटी चटकन बसते, पण तिचा जोर नटाच्या कोपऱ्यांवरच पडतो. जुना, गंजलेला नट तिने लवकर गोल होतो.

हात अवजारांसाठी आपल्या देशात जालंधर, लुधियाना आणि राजस्थानातले नागौर ही गावे प्रसिद्ध आहेत. आपल्या महाराष्ट्रात नाशिकला तापडिया कंपनी १९६९ पासून हात अवजारे बनवते. परदेशी नावाच्या मागे धावण्याची गरज नाही. मात्र नामांकित कंपनीच्या नकली मालापासून सावध राहावे. आमच्या हार्डवेअरवाल्या बांधवांनाही विनंती आहे की असा माल दुकानात ठेवू नये. चार पैसे जास्त सुटतील, पण त्या पान्याने ज्याचे इंजिन खराब होईल तो माणूस पुन्हा आपल्या दुकानाची पायरी चढणार नाही.

फुलीच्या स्क्रूचे गुपित

जपानी पद्धतीच्या गाड्यांवर फुलीचे स्क्रू असतात. आपला नेहमीचा स्टार स्क्रू ड्रायव्हर त्यात वरवर बसतो, जोर दिला की उसळतो आणि फुली झिजवतो. जपानी फुलीचा घाट थोडा निराळा असतो. त्या स्क्रूच्या माथ्यावर अनेकदा बारीक ठिपका असतो, ती त्याची खूण. त्यासाठीचा स्क्रू ड्रायव्हर वेगळा मिळतो, तो घ्यावा. घट्ट बसलेल्या स्क्रूसाठी हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर असतो. ठोका बसला की तो स्क्रू आत दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतो, त्यामुळे फुली झिजत नाही.

किती कसावे?

नट सोडवताना पाना शक्यतो आपल्याकडे ओढावा, ढकलू नये. निसटला तर बोटे फुटतात. स्क्रू पाना वापरायचाच झाला तर जोर स्थिर जबड्यावर येईल असा धरावा. आणि पक्कड नटासाठी नसतेच.

कसताना तर जास्तच जपावे. इंजिनाच्या ॲल्युमिनियममध्ये जाणारा ६ मि.मी. चा बोल्ट साधारण १० न्यूटन मीटर, म्हणजे एक किलोग्रॅम-मीटरइतकाच कसायचा असतो. ८ मि.मी. च्या बोल्टला याच्या दुपटीहून थोडे अधिक. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. हाताला हा अंदाज येत नाही. तरुण हात नेहमी जास्तच कसतो. म्हणून टॉर्क पाना ही चैन नव्हे. त्याने नट सोडवू नयेत, आणि काम झाल्यावर त्याचे माप कंपनीने सांगितलेल्या सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावे.

कच्च्या वाटेवर गाडी सतत हादरते, नट सैल होतात. महत्त्वाचा नट कसून झाल्यावर नटावरून शेजारच्या भागापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. प्रत्येक फेरीनंतर तारा, चेन आणि ॲक्सल पाहावेत. चेनचे कुलूप बसवताना क्लिपचे बंद तोंड चेन धावते त्या दिशेला ठेवावे, नाहीतर ती दगडाला लागून निघते.

कापडाची गुंडाळी

इथे आमचा धंदा उपयोगी पडला. गाडीवर न्यायची अवजारे डब्यात ठेवली तर खडखडून एकमेकांना घासतात. आम्ही दुकानातले जाड कॅनव्हास घेतले आणि शेजारच्या शिंपी मास्तरांकडून खणाखणांची गुंडाळी शिवून घेतली. मोजून दहा-अकरा अवजारे, पंक्चरचे सामान, एक ट्यूब आणि हातपंप. जी मापे आपल्या गाडीवर नाहीत ती घरी राहिली. कोणता खण रिकामा आहे हे अंधारातही बोटांना कळते, त्यामुळे पाना रानात विसरत नाही.

आजऱ्याचा पाऊस मात्र पोलादाचा वैरी आहे. ओली गुंडाळी तशीच बांधून ठेवली तर आठवड्यात गंज चढतो. घरी आल्यावर अवजारे पुसावीत, सुती चिंधीने तेलाचा हात फिरवावा, कापड वेगळे वाळत घालावे. चिंधी सुतीच हवी.

नव्या कारागिरांसाठी

जे तरुण गॅरेज काढू पाहतात त्यांना एवढेच सांगणे. सगळी पेटी एकदम, हप्त्यावर घेऊ नका. पहिल्या महिन्यात १०, १२ आणि १४ चे उत्तम पाने घ्या. कमाईतून दर महिन्याला एक अवजार वाढवा. प्रत्येकावर आपली खूण कोरा, उसने दिले तर वहीत लिहा. दुकानदाराला जसे भांडवल, तसा कारागिराला त्याचा पाना. गिऱ्हाईक आपली गाडी आपल्या हाती सोपवतो ती अमानत असते. खराब पान्याने तिचा एक बोल्ट गेला तर नुकसान त्याचे होते आणि नाव आपले जाते.

आमची ती चकचकीत पेटी अजून माळ्यावर आहे. कोणी मागितली तरी आम्ही देत नाही.