१७२.५२, अधिक-उणे ०.३३

टॉप क्वार्क हा आजवर सापडलेला सर्वांत जड मूलकण. एकट्याचे वस्तुमान टंगस्टनच्या जवळपास अख्ख्या अणूइतके, म्हणजे प्रोटॉनच्या सुमारे १८४ पट. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या ॲटलस आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी आपापली जुनी मोजमापे, एकूण पंधरा, एकत्र करून २०२४ मध्ये त्याचा आकडा दिला: १७२.५२ जीईव्ही, अधिक-उणे ०.३३. एक जीईव्ही म्हणजे प्रोटॉनच्या वस्तुमानाहून किंचित जास्त. अर्धा किलो साखर तोलताना वाण्याचा काटा एका ग्रॅमने इकडेतिकडे व्हावा, इतकी ही अचूकता. अशी बातमी वाचताना आपली नजर १७२ वर थांबते आणि शेपटाकडे दुर्लक्ष होते. माझे म्हणणे असे की खरे विज्ञान त्या शेपटातच आहे, आणि ते कसे ठरते हे समजून घ्यायचे तर जिनिव्हाइतकेच ब्रिटनकडेही पाहायला हवे.

वजन करायचे तर वस्तू काट्यावर क्षणभर तरी टिकावी लागते. टॉप क्वार्कचे आयुष्य किती? दशांशचिन्हापुढे चोवीस शून्ये आणि मग पाच, इतके सेकंद. इतर क्वार्क जन्मताच एकमेकांना बिलगून मोठे कण बनवतात. याला तेवढीही सवड मिळत नाही. तो फुटतो, त्यातून एक डब्ल्यू कण आणि एक बॉटम क्वार्क निघतो, आणि तेही पुढे फुटतात. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरे, पण इथे भात केव्हाच संपलेला असतो आणि हाती फक्त विखुरलेली शिते उरतात. नेहमीचे उदाहरण घ्या. दोन प्रोटॉन आदळून टॉप आणि प्रतिटॉप अशी जोडी तयार झाली. मापकात दिसतात ते कणांचे चार झोत, एक म्युऑन, आणि न्यूट्रिनो निसटल्यामुळे हिशेबात पडलेली तूट. यातला कोणता झोत कुणाचा, हे आधी लावावे लागते. बॉटम क्वार्कचा झोत ओळखता येतो, कारण त्यातला कण टकरीच्या जागेपासून काही मिलिमीटर पुढे जाऊन मग फुटतो. हे मिलिमीटर पकडण्यात ॲटलसच्या गाभ्यातल्या सिलिकॉन मापकांचा हात असतो. त्यांतल्या पट्ट्यांच्या मापकाची चार नळकांडी ऑक्सफर्डमध्ये जोडून सर्नला पाठवली गेली. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांतले अंतर ८० मायक्रोमीटर, म्हणजे साधारण डोक्यावरच्या एका केसाची जाडी.

झोत ओळखले, तरी मूळ क्वार्कची ऊर्जा त्यांतून थेट वाचता येत नाही. म्हणून संगणकावर लाखो खोट्या टकरी घडवतात: टॉपचे वस्तुमान १७१ धरले तर काय दिसेल, १७२ धरले तर काय, १७३ धरले तर काय. खऱ्या टकरी ज्या चित्राशी सर्वांत जुळतात, ते उत्तर. हे काम करणाऱ्या प्रमुख प्रणालींपैकी हरविग ही केंब्रिजचे ब्रायन वेबर आणि इटलीचे ज्युसेप्पे मार्केसिनी यांनी १९८० च्या दशकात उभी केली. पुढे मँचेस्टर आणि डरहॅमच्या शास्त्रज्ञांनी तिची वाढ केली.

यावर कुणीही म्हणेल: उत्तर आधीच धरून चित्र काढायचे आणि मग तेच उत्तर सापडले म्हणायचे, हे मोजमाप कसले? शंका रास्त आहे, पण तिला उत्तर आहे. त्याच टकरीत डब्ल्यू कणापासून निघालेले दोन झोत असतात, आणि डब्ल्यूचे वस्तुमान, सुमारे ८०.४ जीईव्ही, इतर प्रयोगांतून स्वतंत्रपणे माहीत आहे. ते दोन झोत जुळवून ८०.४ येत नसेल, तर काटा बिघडला आहे हे लगेच कळते. तपासणीचे वजन मालाच्या पुडीतच येते म्हणा ना. शिवाय हरविगला स्वीडनच्या लुंडमध्ये जन्मलेली पिथिया ही जोडीदार आहे. क्वार्कांपासून कण कसे बनतात हे हरविग छोट्या पुंजक्यांच्या कल्पनेने मांडते, तर पिथिया ताणून तुटणाऱ्या तारांच्या. एकीच्या जागी दुसरी वापरून उत्तर किती सरकते ते पाहतात, आणि असे सरकणे अनिश्चिततेत धरतात. म्हणूनच ०.३३ मध्ये टकरींच्या संख्येमुळे येणारा वाटा फक्त ०.१४ आहे. उरलेला वाटा, ०.३० (असे वाटे सरळ नव्हे, तर त्यांचे वर्ग मिळवून जोडतात), आपल्या समजुतीच्या मर्यादांचा. नुसत्या आणखी टकरी घडवून तो कमी होणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल जातो. प्रणालीत भरलेले वस्तुमान आणि सिद्धांताच्या समीकरणातले वस्तुमान एकच आहेत का? व्याख्येने नाहीत, आणि त्यांच्यात नेमका किती फरक आहे यावर सिद्धांतकारांचा वाद अजून मिटलेला नाही. हे मान्य करायलाच हवे. पण वाट एकच नाही. टॉप जितका जड, तितक्या त्याच्या जोड्या कमी जन्मतात. म्हणून नुसती मोजदाद करून ती सिद्धांताच्या गणिताशी ताडून पाहता येते. ॲटलसने २०१४ मध्ये तसे केले तेव्हा १७२.९ आले, अडीचएक जीईव्हीच्या अनिश्चिततेसह. काटा ढोबळ, पण वेगळा, आणि उत्तर जुळते. सगळेच जुळते असेही नाही. २०२३ मध्ये सीएमएसने एका पद्धतीने १७१.७७ (अधिक-उणे ०.३७) प्रसिद्ध केले, ॲटलसने दुसऱ्या पद्धतीने १७४.४१ (अधिक-उणे ०.८). हे अंतर दोघांच्या अनिश्चिततेत सहज बसत नाही, आणि दोन्ही आकडे तसेच छापले गेले. मला यात कमकुवतपणा दिसत नाही. पुढे कुठे शोधायचे, याचा तो पत्ता आहे.

इतका आटापिटा कशासाठी? एडिंबरात काम करणाऱ्या पीटर हिग्ज यांनी १९६४ मध्ये भाकीत केलेला कण २०१२ मध्ये सुमारे १२५ जीईव्हीला सापडला. प्रचलित सिद्धांत अतिउच्च ऊर्जेपर्यंत खरा धरला, तर विश्वाची आजची स्थिती कायमची स्थिर की तात्पुरती, हे मुख्यतः हिग्ज आणि टॉप या दोघांच्या वस्तुमानांवर ठरते, आणि आपण अगदी सीमारेषेजवळ आहोत. टॉप एखाद-दोन जीईव्हींनी हलका निघाला तर उत्तर पालटू शकते.

आणि अनिश्चितता प्रामाणिकपणे लिहिण्याचे मोल पाहायचे तर १९९५ कडे जावे. त्या वर्षी अमेरिकेतल्या फर्मिलॅबमध्ये टॉप सापडल्याचे दोन गटांनी जाहीर केले. त्यांपैकी डी-झीरो या गटात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही होती. त्या गटाचा पहिला आकडा होता १९९; आजच्या मानाने तो २६ जीईव्हींनी चढा दिसतो. पण त्याच्यापुढे त्यांनी दोन प्रकारच्या अनिश्चितता लिहिल्या होत्या, प्रत्येकी वीसच्या आसपास. दोन्ही मिळून जो पट्टा होतो, त्याच्या आतच आजचे १७२.५२ आहे.