निवडणूक-कर्तव्यास नकार व न्यायालयीन उपाय

निवडणुकीसंबंधी कायद्याने सोपविलेले काम करण्यास स्थानिक अधिकाऱ्याने नकार दिल्यास ते त्याच्याकडून करवून घेण्याची, तसेच त्यास शासन करण्याची विधिमान्य साधने. यांत परमादेश हा आज्ञालेख प्रमुख होय. विवेकाधीन बाबतीत अमुकच निर्णय द्यावा, असे न्यायालय सामान्यतः सांगत नाही. परंतु ज्या विहित कर्तव्यात अधिकाऱ्यास निवड करण्यास वावच नाही, ते पार पाडण्याची आज्ञा ते देऊ शकते. आज्ञा मोडल्यास न्यायालयाचा अवमान होतो. ठरल्या दिवशी महापौराची निवड न झाल्यास ती घेण्याविषयी परमादेश काढण्याची तरतूद इंग्लंडमध्ये अठराव्या शतकातच झाली होती.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत निवडणुकांची व्यवस्था मुख्यतः काउंटी वा नगर पातळीवर असल्याने हा प्रश्न तेथे विशेष तीव्र होतो. मतांची बेरीज तपासून निकाल प्रमाणित करणे, हे बहुतेक राज्यांत विवेकाधिकाररहित कर्तव्य मानले जाते. गैरप्रकारांच्या तक्रारींसाठी पुनर्मोजणी व निवडणूक-विवाद हे मार्ग निराळे आहेत. न्यू मेक्सिकोतील ऑटेरो काउंटीच्या मंडळाने जून २०२२ मध्ये मतदानयंत्रांवरील अविश्वासाचे कारण देऊन प्राथमिक निवडणुकीचा निकाल प्रमाणित करण्याचे नाकारले. यंत्रांतील विशिष्ट दोष मात्र त्यास दाखविता आला नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने परमादेश काढल्यावर १७ जून या अखेरच्या दिवशी मंडळाने दोन विरुद्ध एक मतांनी निकाल प्रमाणित केला. ॲरिझोनातील कोचीस काउंटीत त्याच वर्षी २८ नोव्हेंबरची मुदत टळली. १ डिसेंबरला न्यायालयाचा आदेश होताच त्याच दिवशी काम उरकण्यात आले. तेथील दोघा सदस्यांवर २०२३ मध्ये फौजदारी आरोप ठेवण्यात आले. शिक्षेने कर्तव्यभंगास जरब बसते, परंतु टळलेली मुदत भरून येत नाही. म्हणून तातडीच्या आदेशाचे महत्त्व अधिक.

भारतात १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १३४ नुसार वाजवी कारणाविना केलेल्या कर्तव्यभंगास ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. ही शिक्षा नाममात्रच म्हणावी लागेल. मतदारयाद्यांच्या कामातील अशाच कसुरीस १९५० च्या अधिनियमाने किमान तीन महिने कारावास ठरविला आहे. कलम २८क अन्वये निवडणूक-अधिकारी निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्त समजले जाऊन त्याच्या शिस्तीखाली येतात. पंचायती व नगरपालिकांच्या निवडणुकीत राज्य शासनाने सहकार्य न केल्यास राज्य निवडणूक आयोगास उच्च न्यायालयाकडे परमादेश मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने किशनसिंग तोमर खटल्यात (२००६) स्पष्ट केले.