रविवारचे मटण कोणाच्या वाट्याला?

आमच्या तालुक्याच्या गावी रविवारी सकाळी दोन ठिकाणी गर्दी असते. एक माझ्या दवाखान्यात आणि दुसरी मटणाच्या दुकानासमोर. दुसरी गर्दी नेहमीच मोठी! गेली सत्तावीस वर्षे मी ही गर्दी पाहतो आहे आणि खोटे कशाला बोलू, पिशवी घेऊन मीही तिथे पुष्कळदा उभा राहिलो आहे. कोल्हापूर जिल्ह्यात जन्म घेऊन तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची निंदा करण्याचे धाडस माझ्यात नाही. तेव्हा 'मटण सोडा' असा उपदेश करण्यासाठी हा लेख नाही, हे आधीच सांगून टाकतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या पेशंटला हृदयविकाराचा झटका आला. ट्रॅक्टर दुरुस्तीचे गॅरेज चालवणारे बावन्न वर्षांचे गृहस्थ. कोल्हापूरला नेऊन अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला. घरी परतल्यावर फाईल घेऊन ते माझ्याकडे आले. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एल.डी.एल., १६८ होते. मी फर्मान सोडले, "मटण बंद!" काय बंद करायचे ते सांगितले, त्याच्या जागी काय खायचे ते मात्र सांगितले नाही. ही माझी चूक होती.

चार महिन्यांनी तपासणी केली, तर औषधे चालू असूनही आकडा पाहिजे तेवढा उतरला नव्हता. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "डॉक्टर, मी यांच्यासाठी वेगळं करते. दुधी, पडवळ. पण हे ताटावरून उठतात." थोडे खोदून विचारल्यावर गृहस्थांनी कबूल केले, की आठवड्यातून दोनदा ढाब्यावर गाडी थांबते. "सगळे रस्सा ओरपत्यात आणि मी एकट्यानं दुधी चिवडत बसायचं. आपल्याच घरात परक्यावानी वाटतंय, डॉक्टर," असे ते म्हणाले तेव्हा मला उत्तर सुचले नाही.

पुढच्याच रविवारी त्यांच्या वृद्ध आईचा रक्तदाब तपासायला मी घरी गेलो. जेवणाची वेळ होती. पहिल्या पंगतीला पुरुष आणि मुले बसली होती. नळी थोरल्याला, कलेजी धाकट्याला, चांगल्या फोडी पाहुण्यांना. बायका मागाहून बसल्या. पातेल्यात उरला होता रस्सा आणि दोन-तीन हाडे. घरातली सून चार महिन्यांची गरोदर. ती भाकरी कुस्करून तो नुसता रस्सा खात होती. तिचे हिमोग्लोबिन मी आठवड्यापूर्वीच तपासले होते. ते होते ८.२!

वाचकहो, त्या दिवशी माझे डोळे उघडले. ज्याने मटण कमी खायला हवे तो चोरून खात होता. आणि जिला त्यातल्या लोहाची गरज होती, तिच्या ताटात एक फोडही पडत नव्हती. प्रश्न केवळ मटण किती शिजते हा नव्हता. ते कोणाच्या वाट्याला जाते, हाही होता.

लाल मांस म्हणजे काय?

बोकडाचे मटण लाल मांसात मोडत नाही, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. बोकड, मेंढी, गाय, म्हैस, डुक्कर या सर्व प्राण्यांचे मांस लाल मांसच होय. स्नायूंतील मायोग्लोबिन या रंगद्रव्यामुळे त्याला तो रंग येतो. कोंबडी व मासे यांत मोडत नाहीत.

लाल मांसात उत्तम प्रथिने, लोह, जस्त आणि बी-१२ हे जीवनसत्त्व असते. हे त्याचे गुण. पण त्याच्या चरबीत संपृक्त स्निग्धांश बराच असतो आणि त्यामुळे एल.डी.एल. वाढते. कलेजी, वजडी यांनी युरिक अ‍ॅसिडही वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली लाल मांस 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातले. त्यात मुख्य संबंध मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी आहे. सॉसेज, सलामी यांसारख्या मीठ व रसायने घालून टिकवलेल्या मांसाबद्दलचा पुरावा तर त्याहून पक्का मानला गेला. म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. जागतिक कर्करोग संशोधन निधी ही संस्था सांगते, की लाल मांस खायचेच तर शिजवलेले ३५० ते ५०० ग्रॅम, तेही आठवड्याभरात मिळून. आपल्याकडे बुधवार-रविवार दोन्ही वार साजरे करणारा माणूस ही मर्यादा सहज ओलांडतो. जत्रेची आणि आखाडाची गोष्टच वेगळी!

वडी कशी आहे?

मग मटणाच्या जागी काय? किराणा दुकानात मिळणाऱ्या सोयाबीनच्या वड्या पुष्कळांनी पाहिल्या असतील. सोयाबीनचे तेल काढल्यावर जे पीठ उरते, ते ओले करून उष्णता व दाब देऊन यंत्रातून बाहेर काढतात. त्यामुळे वडी स्पंजासारखी जाळीदार होते आणि चावताना मांसाचा भास होतो. तिच्यात चरबी नाममात्र आणि कोलेस्टेरॉल मुळीच नाही.

१०० ग्रॅम कोरड्या वड्यांत सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात. 'मटणाच्या दुप्पट प्रथिने' म्हणतात ते याच हिशेबाने. पण कोरडी वडी कोणी खात नाही. भिजल्यावर तिचे वजन अडीच ते तीन पट होते. म्हणजे भिजवलेली वडी व कच्चे मटण वजनाला वजन धरले तर प्रथिनांत साधारण बरोबरीचे ठरतात. तेवढेही पुष्कळ झाले.

कच्च्या फणसाची भाजी किंवा अळंबी मसाल्यात घातली तर चव झकास येते, यात शंका नाही. पण त्यांत प्रथिने फार थोडी. त्या दिवशी जोडीला उसळ किंवा घट्ट डाळ हवी. पनीरमध्ये प्रथिने चांगली, परंतु संपृक्त स्निग्धांशही आहे, म्हणून हृदयरुग्णाने ते बेतानेच खावे. तसे पाहिले तर ही कल्पना आपल्याला नवी नाही. जुन्नर-नगरकडची मासवडी आणि विदर्भातला पाटवडी रस्सा हे बेसनाचेच प्रकार, पण झणझणीत रश्श्यात मांसाहारी माणूसही ते आवडीने खातो. शेवटी चव पुष्कळशी वाटणात असते.

निम्मे-निम्मे

त्या कुटुंबाला मी नवा सल्ला दिला. वेगळे पातेले बंद. सगळ्यांसाठी एकच रस्सा. पूर्वी एक किलो मटण येई, तिथे अर्धा किलो आणायचे आणि १०० ग्रॅम वड्या घालायच्या.

आजींनी नाक मुरडले. "डाक्टर, त्या वड्यांचा वास येतोय." त्यांचे म्हणणे खरे होते, पण तो दोष करण्याच्या पद्धतीचा. वड्या मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवाव्यात. मग घट्ट पिळून गार पाण्यात दोनदा धुवाव्यात आणि पुन्हा पिळाव्यात. आले-लसूण, हळद व थोडे दही लावून अर्धा तास मुरू द्याव्यात. चमचाभर तेलात परतून मटण शिजत आल्यावर रश्श्यात सोडाव्यात. न पिळलेली वडी रस्सा पीत नाही, आणि मग ती रबरासारखी लागते. खिम्यासाठी सोयाबीनचा बारीक चुरा मिळतो. तो निम्मा मिसळला तर पुष्कळांना ओळखूही येत नाही.

एक मात्र ध्यानात ठेवावे. मटण निम्मे केले आणि वर बोटभर तेलाचा तवंग ठेवला, तर साधले काय? दिसणारी चरबी आधी काढून टाकावी, तेल मोजून घालावे, सुके खोबरेही बेताने वापरावे. बाजारात अलीकडे मांसासारखे दिसणारे तयार शाकाहारी पदार्थ मिळतात. त्यांपैकी काहींत मीठ व चरबी भरपूर असते, म्हणून पाकिटावरचा मजकूर वाचून घ्यावा. दिवसभरात मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा, कमीच हवे.

थोरल्या मुलाने मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "डॉक्टर, सोयाबीननं पुरुषांवर काय परिणाम होतो म्हणे?" हा प्रश्न मला पुष्कळ तरुण विचारतात. नेहमीच्या आहारातल्या प्रमाणात सोयाबीन खाल्ल्याने पुरुषी हार्मोन कमी होत नाही, असेच अनेक अभ्यासांत आढळले आहे. निर्धास्त खावे.

सुनेचे काय?

वडी मटणाच्या सगळ्याच गुणांची जागा घेत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तिच्यात लोह आहे, पण मांसातल्या लोहासारखे ते शरीरात सहज शोषले जात नाही. सोबत लिंबू पिळले तर फायदा होतो. जेवणावर लगेच चहा घेतला तर तोटा होतो. बी-१२ तर साध्या वडीत नसतेच. त्यासाठी दूध, दही, अंडी, मासे हवेत.

म्हणून मी आजींना म्हटले, "आई, मटण निम्मे आणा, पण त्यातली पहिली फोड सुनेला वाढा. वड्या तुमच्या मुलाला." आजी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या टायमाला आमाला बी रस्साच मिळायचा." त्या एका वाक्यात किती पिढ्यांचा अशक्तपणा भरला होता!

अर्थात, ८.२ हिमोग्लोबिन केवळ फोडींनी भरून निघत नाही. गरोदर स्त्रियांना चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस लोह व फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. हिमोग्लोबिन इतके कमी असेल तर मात्रा वाढवावी लागते, ती डॉक्टरांनी ठरवायची. कलेजीत लोह भरपूर, परंतु अ जीवनसत्त्वही फार असल्याने गरोदरपणी ती वारंवार देऊ नये.

कोणी विचारून खावे?

थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी ती सकाळी उपाशीपोटी घ्यावी आणि नंतर तीन-चार तास सोयाबीन खाऊ नये, नाहीतर गोळी नीट लागू पडत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना सर्वच प्रथिने मोजून घ्यावी लागतात, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना विचारावे. एखाद्याला सोयाबीनची अ‍ॅलर्जीही असते. अंगावर गांधी उठल्या किंवा ओठ सुजले तर खाणे ताबडतोब बंद करून दवाखाना गाठावा. आणि हृदयरुग्णांनो, वड्या सुरू केल्या म्हणून गोळ्या बंद करू नका. आहार हा औषधाचा सोबती आहे, त्याची बदली नव्हे.

सहा महिन्यांनी त्या गृहस्थांचे एल.डी.एल. ६८ वर आले. श्रेय मुख्यतः नियमित गोळ्यांचे, पण ढाबा सुटला तो घरच्या रश्श्यामुळे. सुनेचे हिमोग्लोबिन आठव्या महिन्यात १०.८ झाले आणि बाळंतपण सुखरूप पार पडले. बारशाला मला आमंत्रण होते. जेवण अर्थातच मटणाचे, निम्म्या वड्या घातलेले. पंगत एकच होती, बायका-पुरुष सगळे एकत्र. ताटात पहिली फोड कोणाला पडते, हे मी मुद्दाम पाहत होतो. आजी स्वतः वाढत होत्या. त्यांनी ती बाळंतिणीला वाढली.

येत्या रविवारी आपल्या घरी पातेले उतरेल, तेव्हा वाचकांनीही एकदा तेवढे पाहावे.