लहानग्यासह समुद्रावर: मल्लेश्वरमहून कारवार

दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी समुद्र म्हणजे वाळू, उथळ पाणी आणि वेळेवर झोप. टूर पॅकेजऐवजी स्वतः सहल आखली, तर दिवसाची घडी मुलाच्या हाती राहते. बंगळूरुतल्या मल्लेश्वरमच्या मराठी कुटुंबांना उत्तर कन्नडचा किनारा सोयीचा आहे. बंगळूरुहून संध्याकाळी निघणारी पंचगंगा एक्स्प्रेस सकाळी कुमटा, गोकर्ण रोड, अंकोला करत कारवारला पोचते. पाच वर्षांखालील मुलाला वेगळी बर्थ घेतली नाही, तर रेल्वेत तिकीट लागत नाही. प्रवासाचा बराचसा वेळ झोपेत जातो. कारवारात कोकणीबरोबर मराठीही चालते, त्यामुळे मऊ भात, पेज सांगून करून घेता येते.

गोकर्णच्या ओम बीचवर पायऱ्या उतराव्या लागतात. बाबागाडी तिथे निरुपयोगी. होन्नावरजवळच्या कासरकोड किनाऱ्याला 2020 मध्ये ब्लू फ्लॅग मानांकन मिळाले. त्यासाठी पाण्याची शुद्धता, स्वच्छता आणि सुरक्षितता तपासली जाते.

जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. काळी, शरावती या नद्यांच्या मुखाशी प्रवाह ओढतो, तिथे मुलाला पाण्यात उतरवू नका. इतरत्रही मूल हाताच्या अंतरावरच हवे. सकाळी दहापर्यंत किंवा चारनंतर खेळवा. खोली निवडताना देखाव्यापेक्षा स्वयंपाकाची सोय, सावली आणि जवळचा दवाखाना पाहा. सोबत ओआरएस, टोपी आणि उकळलेले पाणी ठेवा.