विजेची मोटार : ती भरण्याच्या तीन पद्धती

विजेवर चालणारी मोटार आता केवळ महानगरांची नवलाई राहिलेली नाही. 2001 साली बंगळूरमध्ये तयार झालेली ‘रेवा’ ही छोटी मोटार घरच्या सॉकेटवर भरली जात असे. 2017 साली कर्नाटकाने विद्युत वाहनांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. असे धोरण आखणारे ते देशातील पहिले राज्य होय. तथापि बीदर व कलबुर्गी या सीमाभागातील नागरिकांपुढे मूळ प्रश्न उभा राहतोच : ही मोटार भरावयाची कोठे आणि किती वेळात?

मोटारीची बॅटरी म्हणजे विजेची टाकी. तिची क्षमता युनिटांत, तर वीज भरण्याचा वेग किलोवॉटमध्ये मोजतात. 30 युनिटांची बॅटरी एका भरणीत साधारणपणे 180 ते 200 किलोमीटर चालते. ही टाकी भरण्याच्या पद्धती तीन आहेत.

पहिली पद्धत घरच्या 16 अँपिअरच्या सॉकेटची. तिचा वेग सुमारे 3 किलोवॉट असल्याने 30 युनिटांची बॅटरी भरण्यास दहा-अकरा तास लागतात. रात्री लावलेली मोटार सकाळी तयार असते. दुसरी पद्धत भिंतीवर बसविलेल्या चार्जरची. त्याचा वेग सुमारे 7 किलोवॉट असून तेच काम चार-पाच तासांत होते. या दोन्ही पद्धतींत घरातील एसी विजेचे डीसीमध्ये रूपांतर मोटारीतील उपकरण करते. त्या उपकरणाची क्षमता कमी असेल, तर चार्जर मोठा बसवूनही वेग वाढत नाही.

तिसरी पद्धत सार्वजनिक केंद्रावरील जलद चार्जरची. येथे रूपांतर केंद्रावरच होते व डीसी वीज थेट बॅटरीत जाते. 30 किलोवॉटच्या चार्जरवर सुमारे तासाभरात 80 टक्के बॅटरी भरते. त्यापुढे बॅटरीच्या रक्षणासाठी वेग आपोआप मंदावतो. म्हणून प्रवासात 80 टक्क्यांवर थांबणे सोयीचे.

कलबुर्गीहून हुमनाबादमार्गे बीदर सुमारे 115 किलोमीटर आहे. जाताना भरलेली मोटार तेथे सुखरूप पोहोचेल. परंतु त्याच भरणीवर परत येणे शक्य नाही. म्हणून बीदर येथे किंवा पुणे-हैदराबाद महामार्गावरील हुमनाबाद येथे वीज भरण्याची सोय चालू आहे काय, याची खात्री निघण्यापूर्वीच करून घ्यावी.

घरी वीज भरताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, मंजूर भार. अनेक जुन्या घरांची जोडणी एक-दोन किलोवॉटचीच असते. तिच्यावर दहा तास मोटार लावल्यास तारा तापून आग लागण्याचा धोका संभवतो. दुसरी, अर्थिंग. बीदरच्या जांभ्या दगडाच्या पठारावर उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते आणि कोरडी जमीन वीज नीट वाहून नेत नाही. यास्तव अर्थिंगचा खड्डा ओलसर ठेवावा व त्याची तपासणी करून घ्यावी. एक्स्टेन्शन बोर्ड कदापि वापरू नये. तिसरी, बिल. महिन्यातून पाच वेळा बॅटरी भरल्यास दीडशेहून अधिक युनिटे लागतात. 2023 साली सुरू झालेल्या गृहज्योती योजनेची कमाल मर्यादा महिना 200 युनिटांची आहे, हे लाभधारकांनी विसरू नये.

शेतातील पंपाच्या जोडणीवर मोटार भरण्याचा मोह मात्र टाळावा. मंजूर कारणाव्यतिरिक्त वीज वापरणे हा 2003 च्या वीज कायद्यानुसार अनधिकृत वापर ठरतो व त्याची आकारणी दुप्पट दराने होते.

सारांश, रोजच्या गाव-तालुक्याच्या फेऱ्यांसाठी घरची संथ भरणी पुरेशी व किफायतशीर आहे. जलद केंद्र लागते ते लांबच्या प्रवासाला. म्हणून मोटार घरी आणण्यापूर्वी परवानाधारक तारतंत्र्याकडून वायरिंग तपासून घ्यावे आणि जेस्कॉमच्या स्थानिक कार्यालयात भार वाढवून घेण्याचा अर्ज करावा, हेच श्रेयस्कर होय.